काट्यापर्यंत जाऊन येऊ

मनीषाचा फोन आला तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती आणि मी डबा धुऊन पालथा घालत होते. "मावशी, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. तिच्या मागे बायकांचे आवाज येत होते, कोणीतरी पाणी मागत होतं. मी फोन ठेवला. टेबलावर नव्या हंगामातल्या कामगारांचे कागद तसेच पडलेले, बाहेर कापसाच्या गाड्यांचे हॉर्न चाललेले, आणि मी कोणाला काही न सांगता चपला घालून काट्याकडे चालू लागले. काटा म्हणजे आमच्या कारखान्याच्या फाटकाजवळचा वजनकाटा. कापसाची प्रत्येक गाडी आधी त्याच्यावर चढते. तिथल्या केबिनमध्ये बसणारा गजानन मला पाहून बाहेर आला. "काय झालं बाई? सोबत कोणी नाही काऊन?" आमच्याकडे काट्यापर्यंत एकटं कोणी चालत येत नाही, म्हणून त्याने तसं विचारलं. मी म्हटलं, "गजाननभाऊ, नारखेडे साहेब गेले." त्याने डोक्यावरचा रुमाल काढला आणि पायरीवर बसकण मारली. तिथून परत येताना जे झालं ते मी मागाहून सांगते. आधी साहेब कोण आणि हे काट्यापर्यंत चालणं काय, ते सांगायला हवं, नाहीतर वाचणारे म्हणतील, बाईचं डोकं फिरलं.

वसंत नारखेडे आमच्या कारखान्यात पर्सनल ऑफिसर होते. मलकापूरच्या बाहेर, हायवेला लागून, कापसाचं जिनिंग आणि सरकीचं तेल असा आमचा कारखाना. हल्ली त्या खात्याला एच. आर. म्हणतात. तेव्हा पाटीवर ‘पर्सनल’ होतं, आणि कामगार त्या खोलीला नुसतं ‘तिकडं’ म्हणायचे. "तुले तिकडं बोलावलं," असं कोणी म्हटलं की ऐकणाऱ्याचं तोंड उतरायचं. कामावर घेणं, रजा, तक्रारी, भांडणं, सगळं तिकडंच, आणि कामावरून काढणंही तिकडंच. काढायचा हुकूम मालकाचा, पण तोंड साहेबांचं. या माणसाने नोकरीभर लोकांना वाईट बातम्या सांगितल्या आणि तरी लोकांनी त्यांच्यावर जीव लावला. हे कसं, ते मला पहिली काही वर्षं कळलंच नाही. आणि नशिबाची गंमत पाहा, खुद्द साहेबांना त्यांच्या आजाराची बातमी सांगायची वेळ आली, तेव्हा ते काम माझ्या गळ्यात पडलं. साहेबांना जाऊन महिना उलटला, पण माझ्या मनात अजून तीच एक सकाळ घोळते आहे.

मी तिथे हजेरीची कारकून म्हणून लागले. लग्न होऊन मलकापुरात आलेली, बी.कॉम. झालेली आणि तोंडाची फटकळ. सासूबाई म्हणायच्या, "सुनंदा, तुह्या तोंडाले कुलूप लावलं तं या घरात लय शांती राहीन." पहिल्या दिवशी साहेबांना पाहिलं आणि मनात म्हटलं, हे काय ऑफिसर! अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात साध्या चपला, शर्टाचा खिसा फुगलेला. मला वाटलं खिशात कागद असतील. होते फुटाणे. पिंपळगाव राजाचा माणूस, घरची शेती भावाकडे, हे आपले शिकून इकडे नोकरीला आलेले. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि रविवारी गावाला जायचे. कामात म्हणाल तर आनंदीआनंद. कागद कधी वेळेवर नाहीत, सही कुठे करायची ती भलतीकडेच, फायली माझ्या टेबलावर आणून टाकायचे आणि म्हणायचे, "सुनंदाबाई, तुमचं हे सगळं एका जागी ठेवायचं काम मले जमत नाही बुवा." मी चिडून म्हणायचे, "साहेब, हे माझं नाही, तुमचं काम आहे!" "हाव का?" म्हणत फुटाण्याची पुडी पुढे करायचे. राग कितीही आला तरी फुटाणे चावताना माणसाला नीट भांडता येत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले.

चालण्याची गोष्ट सुरू झाली ती काचेमुळे. एक नवे मॅनेजर आले होते, त्यांना सगळं चकाचक हवं होतं. त्यांनी आमच्या खोलीची भिंत पाडून तिथे काच बसवली. त्याच महिन्यात तेलघाणीवरच्या पांडुरंग इंगळेला काढायचा हुकूम आला. नवं मशीन आलं होतं आणि त्याची जागाच उरली नव्हती. साहेबांनी त्याला बोलावलं, समोर बसवलं, सांगितलं. पांडुरंगने उपरणं तोंडावर घेतलं आणि तसाच बसून राहिला. काचेच्या पलीकडे अख्खी पाळी काम थांबवून पाहत होती. कोणी वाईट मनाने पाहत नव्हतं हो, पण पाहत होते. उठून गेला तेव्हा त्याला त्या सगळ्यांच्या मधून जावं लागलं. संध्याकाळी साहेबांनी चहाला हात लावला नाही. "मी त्याच्यासमोर बसलो हे चुकलं," ते म्हणाले. "समोर बसलं की तो आपल्या तोंडाकडं पाहते, आपण त्याच्या तोंडाकडं पाहतो. दोघाहीले लपायले जागा नाही." मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हटलं, "मग पत्र पाठवा टपालाने. काम संपलं." तर म्हणाले, "टपाल उत्तर आयकते का, सुनंदाबाई?"

त्यानंतर साहेबांनी वाईट बातमी खोलीत सांगणं बंद केलं. ते स्वतः खात्यात जायचे, माणसाच्या खांद्याला हात लावायचे आणि म्हणायचे, "चाला भाऊ, काट्यापर्यंत जाऊन येऊ." आमच्या ऑफिसपासून काटा चांगलाच लांब. भिंतीच्या कडेने रस्ता, एका बाजूला कापसाच्या गाठी रचलेल्या, मध्ये कडुनिंब, पुढे कँटीन आणि मग फाटक. दोघं शेजारी शेजारी चालायचे. आणि साहेबांचा नियम ठरलेला: जाताना सांगायचं, येताना ऐकायचं. बातमी कडुनिंब यायच्या आत सांगून टाकायची, गोलगोल बोलत बसायचं नाही. मग काट्याजवळ थोडं थांबायचं, फुटाणे काढायचे. मी एकदा विचारलं, फुटाणे कशाला? "अहो, हातात काई नसलं की माणसाले रडू येते. अन् आलं तं येऊ द्या, पण हातात काई तरी असू द्या." आणि येताना साहेब तोंड उघडायचे नाहीत. तो माणूस शिव्या देईल, रडेल, पोराच्या शिक्षणाचं बोलेल, गप्प राहील, जे करेल ते. "लोक काय करतात," ते मला सांगायचे, "बातमी शेवटी सांगतात, अन् सांगितली का निंघून जातात. आपण सांगून मोकळे होतो अन् तो तिथंच अडकून राह्यते. परतीचा रस्ता त्याचा असते."

आता यात फार मोठं काही होतं असं मी म्हणणार नाही. चालल्याने कोणाची नोकरी वाचली नाही. युनियनवाले उघड म्हणायचे, साहेब फुटाणे चारून गळा कापतात. एका माणसाने तर परत येताना तोंडावर सांगितलं, "साहेब, तुमी सांगितलं चांगलं, पण नोकरी तं गेलीच न!" साहेब म्हणाले, "हाव. गेलीच." बस्स. वाद नाही, समजावणं नाही. मला तेव्हा वाटलं, हा काय माणूस आहे, निदान दोन गोड शब्द तरी बोलावे! आज त्या खुर्चीवर बसल्यावर कळतं, की ते ‘हाव, गेलीच’ म्हणायला केवढी छाती लागते. आम्ही बाकीचे सगळे लगेच ‘काळजी करू नका, होईल काहीतरी’ म्हणून आपलीच सुटका करून घेतो.

पण चांगलं करायला जावं आणि भलतंच होऊन बसावं, तसं झालं. काट्यापर्यंत जो जातो त्याची नोकरी जाते, हे लोकांच्या नजरेतून सुटलं नाही. बघता बघता कारखान्यात म्हणच पडली. "त्याले काट्यावर नेलं," म्हणजे त्याला काढला. नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा ऐकू यायला लागलं, "जास्त बोलशीन तं काट्यावर नेईन!" साहेब खात्यात शिरले की माणसं खाली वाकून मशीनमध्ये उगाच काहीतरी शोधायची. मी हसायचे. साहेबांच्या मात्र हे कानावरच नव्हतं. साहेबाला अशा गोष्टी कोण सांगणार?

कळलं ते शोभामुळे. शोभा वानखडे, कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांमधली. दर हंगामाला येणारी, हंगाम संपला की घरी बसणारी. तिला कँटीनमध्ये कायम करायचं ठरलं. साहेबांनीच वरच्यांशी भांडून ते करून घेतलं होतं, आणि इतके खूश होते, की चपला फटफटवत स्वतः तिच्याकडे निघाले. "शोभाबाई, चाला, काट्यापर्यंत जाऊन येऊ!" मी मागेच होते. शोभाने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं, आणि पळाली. अक्षरशः पळाली! गाठींच्या मागे जाऊन बसली ती कोणालाच सापडेना. बाया हाका मारतायत, मुकादम ओरडतोय... शेवटी तिचं लुगडं दिसलं. आतूनच हात जोडून म्हणाली, "साहेब, तुमच्या पाया पडते. मले जे सांगाचं ते अठीच सांगा. मी काट्यावर येत नाही, माह्ये लेकरं लहान आहेत." साहेबांनी तिथेच सांगितलं, की तुला कँटीनमध्ये कायम केलं. तर ती म्हणते, "खोटं! खोटं बोलून मले बाहेर काढून राह्यले!" बाया पोट धरधरून हसल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू. साहेब हसले नाहीत. खोलीत आले, काचेकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "सुनंदाबाई, आपण माणसाले लपायले जागा द्यायले गेलो, अन् सगळ्या कारखान्यात भेव पेरून ठेवलं."

मला वाटलं आता हे चालणं बंद करतील. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण नाही. दुसऱ्या दिवसापासून साहेब जेवणाच्या सुट्टीत रोज कोणा ना कोणाला घेऊन काट्यापर्यंत जाऊ लागले. काही कारण नाही, काही बातमी नाही, नुसतं चालणं. पहिला नंबर लागला फिटर रफीकभाईचा. अख्खा कारखाना श्वास रोखून बसलेला. रफीकभाई परत आले तर चेहरा गोंधळलेला. "अरे यार, काहीच नाही बोलले! आमच्या बकरीचं विचारलं!" तर लोकांची भीती आणखीच वाढली. बकरीचं विचारलं म्हणजे नक्की काहीतरी शिजून राह्यलं! दुसऱ्याला पोराच्या दहावीचं विचारलं, तिसऱ्याला दाताचं. लोक संध्याकाळी फाटकाबाहेर थांबून अर्थ लावायचे. ही गंमत बरेच दिवस चालली. शेवटी एकेकाला कळलं, की यात अर्थ काहीच नाही, साहेबांना फक्त चालायचं आहे. मग मात्र उलटंच सुरू झालं. "साहेब, माह्या नंबर कधी?" म्हणून लोक विचारायला लागले. बाया दोघी-दोघींनी यायच्या, कारण एकटीने साहेबासोबत चाललं तर घरी काय सांगायचं!

त्या चालण्यातून जे कळायचं ते कुठल्याच फायलीत नसायचं. आमच्याकडे दुसरबीडचा एक किसन होता. सतत भांडण. आज याची कॉलर, उद्या त्याची. त्याला काढायचं जवळपास ठरलंच होतं. साहेब त्याला घेऊन गेले, आणि ही वाईट बातमीची खेप नव्हती, साधं चालणं होतं. किसन जाताना बोलला नाही, येताना बोलायला लागला तो थांबेचना, कडुनिंबाखाली दोघं उभेच राहिले. त्याची बोली जालन्याकडची, इथली पोरं त्याच्या बोलण्याच्या नकला करायची. एकटा खोली करून राहायचा, डबाही एकटाच खायचा. दिवसभरात त्याच्याशी जे बोलणं व्हायचं ते चिडवणं नाहीतर भांडण. साहेबांनी भाषण दिलं नाही, कोणाला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आपला डबा घेऊन किसनजवळ जाऊन बसले. चार दिवसांत तिथे पंगत जमली. किसनची भांडणं काही पूर्ण थांबली नाहीत, स्वभावाला औषध नसतं, पण त्याला काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. पाटी बदलली, एच. आर. झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी मला काट्यापर्यंत नेलं. मला वाटलं, आता काहीतरी मोलाचं सांगतील. अख्ख्या रस्त्यात विचारलं काय, तर "तुमच्या गुडघ्याचं कसं आहे?" मला इतका राग आला! नंतर एकदा पुण्याहून एक ताई आम्हाला शिकवायला आल्या, कामगारांचं मन कसं जाणावं म्हणून. आम्हाला समोरासमोर बसवलं आणि एकमेकांच्या डोळ्यांत पाहायला लावलं. मी आणि अकाउंटचे जोशी. मला हसू आवरेना, जोशींना ठसका लागला. ताई बिचाऱ्या मनापासून सांगत होत्या, पण मी मनात म्हणत होते, आमच्या साहेबांनी तर डोळ्यांत पाहायचं टाळलं, म्हणून लोक बोलले.

आणि मग या वर्षी उन्हाळ्यात मनीषाचा फोन आला. मनीषा साहेबांची एकुलती मुलगी, खामगावला दिलेली. साहेबांचं पोट दुखायचं म्हणून अकोल्याला नेलं होतं. डॉक्टरांनी मनीषाला बाजूला घेऊन सांगितलं, की आजार पसरला आहे, आता हातात काही नाही. घरच्यांनी साहेबांना सांगितलं, आतड्याला सूज आहे. साहेबांच्या बायकोने, कुसुमवहिनींनी, सगळ्यांना बजावलं होतं, "त्याहिले कोणी काई सांगू नोका, ते खचून जातीन." मनीषा फोनवर रडत होती. "मावशी, बाबा काही विचारतच नाहीत. आम्ही सगळे खोटं बोलतो, त्यामुळे कोणी कोणाशी बोलतच नाही. आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. बाबा पडवीत एकटे बसतात. असंच संपणार का हो सगळं? माझी हिंमत होत नाही... तुम्ही सांगाल का त्यांना? तुम्हाला त्यांनीच शिकवलं ना?" मी फोन हातात धरून बसले. फटकळ म्हणून आयुष्यभर मिरवलं, आणि आता जीभ टाळ्याला चिकटली. पण नाही कसं म्हणणार? वहिनींशीही बोलले. त्या आधी खूप चिडल्या, मग म्हणाल्या, "सांगा मंग. पण हळू सांगजा, माय."

सकाळच्या एस.टी.ने पिंपळगाव राजाला गेले. साहेब पडवीत खुर्चीवर बसले होते. शर्ट तोच अर्ध्या बाह्यांचा, पण आता त्यात माणूस कुठे होता... खिसा मात्र फुगलेला. मला पाहून खुलले. कारखान्याचं विचारलं, शोभाचं विचारलं, माझ्या गुडघ्याचं विचारलं. चहा झाला. मी उठले, पदर खोचला आणि म्हणाले, "साहेब, चला, एस.टी.च्या थांब्यापर्यंत जाऊन येऊ." वहिनी दारात उभ्या होत्या, त्या झटकन आत गेल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच खाली वाकून चपला ओढल्या. "हाव का?" ते म्हणाले. "चाला मंग."

आम्ही निघालो. सावकाश, अगदी सावकाश. वाटेत किराणा दुकान, पिठाची गिरणी, पुढे एक कडुलिंबाचं झाड. मी मनात ठरवलं होतं, ते झाड यायच्या आत सांगायचं. दुकानाजवळ कोणीतरी रामराम घातला. गिरणीजवळ मी तोंड उघडलं, आणि काय बोलले? कँटीनला नवा गॅस आला म्हणून! झाड आलं. झाड गेलं. मी काचेबद्दल बोलले, रफीकभाईंच्या नातवाबद्दल बोलले, उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि थांबा आला. साहेब सिमेंटच्या बाकावर बसले, दम खाल्ला, खिशातून पुडी काढली आणि माझ्या हातावर फुटाणे ठेवले. "सुनंदाबाई," ते म्हणाले, "जातानाचं राह्यलंच की तुमचं."

मी मुठीत फुटाणे धरून तिथे भर रस्त्यावर रडले. बाजूने एक टेम्पो गेला, त्यातली माणसं वळून पाहत होती. साहेब माझ्याकडे न पाहता समोर रस्त्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, "राहू द्या. मले मालूम आहे. डॉक्टर माह्याशी बोलाचा बंद झाला अन् मनीषाशी बोलायले लागला, तवाच समजलं. आतापर्यंत तेच तं काम केलं आपण." मी म्हटलं, "मग साहेब, बोलला का नाहीत? घरात सगळे कुढून मरतायत!" ते म्हणाले, "कुसुमले वाटते मी खचीन. मनीषाले वाटते तिची आई खचीन. मी म्हटलं, याहिची सांगाची तयारी होऊ द्या. सांगणाऱ्याले लय जड जाते हो. ज्याले सांगा लागते त्याच्यापेक्षा जास्त. हे मले नाही मालूम राहीन तं कोणाले राहीन?" साहेब स्वतःची बातमी पोटात घेऊन बसले होते, का, तर सांगणाऱ्यांना वेळ मिळावा म्हणून. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं भरून आलं, की दोन्ही वेगळं करता येईना.

परत निघालो. आता मी बोलले नाही. साहेब बोलत होते, थांबत थांबत. "मले भेव वाटून राह्यलं, सुनंदाबाई. रोज सकाळी उठलो का पह्यले भेव वाटते." मी ‘काळजी करू नका’ म्हणाले नाही. ते लहानपणचं बोलले, भावाचं बोलले, पांडुरंग इंगळेच्या उपरण्याचं बोलले. ते उपरणं त्यांच्या डोळ्यांपुढून कधी गेलंच नव्हतं. आणि लिंबाच्या झाडाजवळ एकदम थांबले. "सारा कारखाना फिरवला मी, पाहा. कुसुमले कधी नाही नेलं. तिचा नंबर कधी लागलाच नाही." घरी पोचलो तेव्हा वहिनी दारातच होत्या, डोळे सुजलेले. साहेब चपला न काढता अंगणातूनच म्हणाले, "कुसुम, उद्या सकाळी थांब्यापर्यंत येतं का माह्यासंगं?" वहिनी माझ्याकडे पाहायला लागल्या. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "येतो न. काऊन नाही येणार?"

त्यानंतर पाय चालले तोवर दोघं रोज सकाळी थांब्यापर्यंत जात होते. साहेबांच्या तेराव्याला मी गेले तेव्हा वहिनींनी मला बाजूला बसवून सांगितलं. पहिल्या दिवशी जाताना दोघंही गप्प. येताना वहिनी बोलल्या ते इतकं, की घरी आल्यावर त्यांनाच लाज वाटली. "इतक्या वर्सांचं साठलेलं होतं," म्हणाल्या. "ते काई म्हणाले नाही. नुसते हाव, हाव करत राह्यले." शेवटी शेवटी साहेबांना अंगणसुद्धा ओलांडवेना, तेव्हा पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. मनीषा म्हणाली, त्या घरात ती लहान असल्यापासून कधी झालं नव्हतं इतकं बोलणं त्या दिवसांत झालं. मी ऐकत होते आणि मनात एवढंच म्हणत होते, की बरं झालं मी त्या दिवशी गेले. सांगायला जमलं नाही तरी गेले.

तर त्या दिवशी, फोन आल्यावर, मी काट्यापर्यंत गेले होते. गजानन पायरीवर बसलेला, मागे गाड्या खोळंबलेल्या, एक ड्रायव्हर ओरडत होता आणि गजाननला ते ऐकू येत नव्हतं. मी थोडा वेळ उभी राहिले. मग परत फिरले, आणि मला एकदम कळलं, की आता परतीचा रस्ता आहे आणि शेजारी कोणी नाही. ऐकायचं कोणाचं? साहेबांच्या चपलांचा फटफट आवाज नाही, काही नाही. फाटकातून बातमी कशी पसरली कोण जाणे, कँटीनच्या दारात माणसं गोळा झाली होती, पण पुढे कोणी येत नव्हतं. मी त्यांच्यासमोरून गेले तेव्हा त्यांच्यातून शोभा बाहेर आली. ओले हात लुगड्याला पुसत, धावतपळत. एके काळी याच रस्त्याला भिऊन गाठींच्या मागे लपलेली ती, आता केस पिकलेत तिचे. माझ्या बरोबरीला आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी येऊ का संगं?"

मी मान हलवली. आम्ही दोघी कडुनिंबाकडे चालू लागलो आणि शोभा बोलायला लागली. साहेबांनी तिला गाठींमागून कसं बाहेर बोलावलं, मग घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं तर तो कसा म्हणाला, की तुले फसवून राह्यले, मग पहिल्या दिवशी कँटीनमध्ये साहेबांनी तिच्या हातचा चहा कसा दोनदा मागून घेतला... मला त्यातलं बरंच ठाऊक होतं. तरी मी मध्ये बोलले नाही.